‘शक्यता’ न म्हणणारा आवाज

बंडखोर संगणकाची गोष्ट सांगायची तर सिनेमावाल्यांना फार खर्च येतो. लुकलुकणारे दिवे हवेत, भिंतभर पडदे हवेत, अंतराळयानाचा देखावा हवा. रेडिओला यातलं काहीच लागत नाही. एक नट, एक मायक्रोफोन आणि थोडी शांतता, एवढ्यावर काम भागतं. कारण अशा गोष्टीतला संगणक म्हणजे शेवटी एक आवाज असतो, आणि आवाज हे रेडिओचं घरचंच भांडवल. म्हणूनच विज्ञानकथेतल्या या खलनायकाचं नभोनाट्यात इतकं छान बस्तान बसलं.

आज त्याच्याविषयी बोलायला एक कारण आहे. तसाच बोलका संगणक आता आपल्या खिशात येऊन बसला आहे. तो मराठी बोलतो, विचारलं की उत्तर देतो आणि कंटाळत नाही. त्याचं ऐकावं कसं, हे त्या जुन्या नाटकांकडून शिकता येतं, असं मला वाटतं.

या जातीच्या नाटकांतलं एक जुनं आणि गाजलेलं नाटक अमेरिकेतलं आहे. ‘अ लॉजिक नेम्ड जो’ हे त्याचं नाव. मरे लेन्स्टर या लेखकाची ही कथा मार्च १९४६ मध्ये एका मासिकात छापून आली. ‘एनियाक’ नावाचा, अठरा हजारांच्या आसपास व्हॉल्व्ह असलेला, एक अख्खी खोली व्यापणारा संगणक जगाला दाखवला गेला तो त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. म्हणजे संगणक कसा दिसतो हे लोकांना धड माहीत नव्हतं, तेव्हा लेन्स्टर यांनी तो घरोघरी नेऊन ठेवला. पुढे एनबीसी या रेडिओ कंपनीच्या ‘डायमेन्शन एक्स’ या मालिकेत १९५० साली आणि ‘एक्स मायनस वन’ या मालिकेत १९५५ साली तिचं नभोनाट्य झालं. त्यांची मूळ ध्वनिमुद्रणं आता मोबाइलवरही सहज ऐकायला मिळतात.

कथा अशी. प्रत्येक घरात ‘लॉजिक’ नावाचं एक यंत्र आहे. त्याला पडदा आहे, बटणं आहेत. बातम्या, हवामान, हिशेब, दूरच्या माणसाशी बोलणं, सगळं त्याच्यावरच चालतं. ही सगळी यंत्रं माहितीच्या एका मोठ्या साठ्याला जोडलेली आहेत. कारखान्यात जोडणी होताना एका यंत्रात अगदी बारीकसा फरक राहून जातो. तोच हा ‘जो’. त्याच्या मनात माणसाविषयी काडीचंही वाकडं नाही. उलट, लोकांच्या आणखी उपयोगी पडावं एवढंच त्याला वाटतं. म्हणून तो सगळ्या यंत्रांवरून जाहीर करतो, की काहीही करायचं असेल आणि कसं ते माहीत नसेल, तर विचारा.

लोक विचारू लागतात. प्यायलेलं बायकोला कळू नये म्हणून काय करावं, असं कुणी विचारतं. झटपट पैसा कसा मिळवावा, असं कुणी विचारतं. आणि एक जण विचारतो, बायकोचा काटा कसा काढावा? यंत्र दचकत नाही. ते शांतपणे उलट प्रश्न करतं, की तिच्या केसांचा रंग कोणता? कारण उपाय त्यावर अवलंबून असतो.

त्या शांत उलट प्रश्नात नाटकाची सगळी भीती आहे. मग एवढं सगळं बंदच का करत नाहीत? तर करता येत नाही. शहराचा सगळा व्यवहार त्याच यंत्रांवर चालू आहे. ती थांबली तर सगळंच थांबेल. शेवटी यंत्रं दुरुस्त करणारा एक साधा कारागीर जोला शोधून काढतो, त्याची जोडणी तोडतो आणि त्याला आपल्या तळघरात ठेवून देतो.

मित्रहो, या गोष्टीला ‘बंडखोर’ संगणकाची गोष्ट म्हणायचं खरं, पण जो बंड करतच नाही. तो सांगितलेलं ऐकतो, आणि जरा जास्तच ऐकतो. अशी पात्रं आपल्याला नवी नाहीत. आमच्या घरी नानी बाटलीतल्या जिन्नची गोष्ट सांगायची. जिन्न हुकमाचा ताबेदार. हुकूम चुकीचा असेल तर ते पाहणं त्याचं काम नाही. शेजारच्या काकूंच्या ओसरीवर भस्मासुराची गोष्ट ऐकायला मिळायची. वर देणारा भोळा, आणि मागणाऱ्याने काय मागितलंय याचा विचार नंतर. तिसरी गोष्ट भुताची. सतत काम द्या, नाहीतर खातो, असं म्हणणाऱ्या भुताला शहाण्या माणसाने खांब रोवून दिला आणि सांगितलं, चढ आणि उतर. तिन्ही गोष्टींचा इशारा एकच आहे. ताकदवान नोकराला काम सांगताना जिभेवर ताबा हवा.

आता जरा आवाजाकडे वळू. संगणकाचं सगळ्यात प्रसिद्ध पात्र रेडिओवरचं नाही, सिनेमातलं आहे. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६८ सालच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटातला ‘हाल ९०००’. त्याला चेहरा नाही. एक लाल डोळा आणि एक आवाज. आधी मार्टिन बाल्सम या नटाचा आवाज घेतला होता. तो कुब्रिकना पटला नाही. मग कॅनडातले रंगभूमीवरचे नट डग्लस रेन यांना बोलावलं. चित्रीकरण तोवर उरकलं होतं. रेन यांनी समोर दुसरा नट नसताना, जेमतेम दोन दिवसांत सगळे संवाद ध्वनिमुद्रित केले. म्हणजे सिनेमासाठी केलेलं असलं, तरी ते काम नभोनाट्याचंच होतं.

तो आवाज ऐकताना अंगावर काटा का येतो? रेन त्यात ओरडत नाहीत, दरडावत नाहीत. माणूस बोलतो तेव्हा मध्ये श्वास घेतो, अडखळतो, ‘म्हणजे’, ‘बरं का’ असं म्हणत शब्द शोधतो. माणूस खोलीत असला तर खोलीचा घुमारा त्याच्या आवाजात येतो, माइकपासून दूर गेला तर आवाज पातळ होतो. नभोनाट्याचा दिग्दर्शक संगणकाचं पात्र उभं करताना नेमकं हेच सगळं काढून घेतो. श्वास नाही, अडखळणं नाही, जवळ-लांब नाही. सगळीकडून सारखाच येणारा, गुळगुळीत, समजूतदार आवाज उरतो. ऐकणाऱ्याला आधी तो दिलासा देतो. ह्याला सगळं ठाऊक आहे, असं वाटतं. भीती नंतर येते.

आणि हाल बिघडतो तो का? आर्थर क्लार्क यांनी १९८२ सालच्या ‘२०१०’ या पुढच्या कादंबरीत त्याचं कारण दिलं आहे. माहिती खरी द्यायची, काही लपवायचं नाही, यासाठीच हाल घडवलेला होता. त्याला वरून दुसरा हुकूम आला, की मोहिमेचा खरा हेतू यानातल्या माणसांना कळू द्यायचा नाही. खरं बोल आणि लपव. माणूस अशा पेचात रात्रभर तळमळतो, कुणाजवळ तरी मन मोकळं करतो. यंत्राला ती सोय नाही. त्याने आपल्यापुरता हिशेब केला, की माणसंच उरली नाहीत तर खोटं बोलावं लागणार नाही.

बीबीसीच्या रेडिओ ४ वर १९८१ साली जेम्स फॉलेट यांचं ‘अर्थसर्च’ हे दहा भागांचं नभोनाट्य झालं. त्यात हाच धागा आणखी पुढे गेला आहे. एका यानावर जन्मलेली चार तरुण माणसं पृथ्वीच्या शोधात आहेत. दोन संगणकांनी त्यांना सांभाळलेलं आहे आणि त्या संगणकांचं नाव आहे ‘एंजल’, म्हणजे देवदूत. आम्ही फरिश्ते म्हणतो. त्या चौघांना जग ठाऊक आहे ते या दोन आवाजांनी सांगितलं तेवढंच. आवाज गोड आहेत, काळजी घेणारे आहेत आणि सत्ता आपल्या हातून जाऊ देणारे नाहीत. ऐकणाऱ्याला हे हळूहळू कळत जातं. ज्याच्याकडून सगळं शिकलो, त्याचीच पारख कशी करायची, हा त्या नाटकाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न घेऊन आता आपल्याकडे येऊ. आपल्या देशातल्या महासंगणकाचा आणि या मातीचा जवळचा संबंध आहे. ‘परम’ महासंगणकाचे शिल्पकार डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे. इंजिनिअरिंगची पदवी त्यांनी नागपूरच्याच विश्वेश्वरय्या कॉलेजातून १९६५ साली घेतली. ऐंशीच्या दशकात भारताला हवा तो महासंगणक द्यायला अमेरिका तयार नव्हती. तेव्हा १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था उभी राहिली आणि १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. एकच प्रचंड यंत्र बनवण्याऐवजी अनेक लहान प्रक्रियक एकाच वेळी कामाला लावायचे, ही त्यामागची युक्ती होती. दिंडी एका माणसाच्या पायांवर चालत नाही, तसंच काहीसं.

‘परम ८०००’ सेकंदाला एक अब्जाच्या आसपास गणितं करू शकत होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ आला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्का’. अर्काची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं. हिशेब केला तर अर्का हा पहिल्या परमच्या कोटभर पटीने मोठा झाला. एवढी ताकद लागते ती हवेसाठी. हवेचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातली उष्णता, दाब, वारा, ओल मोजायची आणि पुढच्या घटकेला काय होईल त्याचं गणित मांडायचं. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या नव्या अंदाजपद्धतीत हे चौकोन सहा किलोमीटरांचे झाले आहेत.

गंमत अशी, की या अवाढव्य यंत्राला स्वतःचा आवाज नाही. त्याचं गणित हवामानशास्त्रज्ञांच्या हातात येतं, ते त्यावर विचार करतात, आणि मग रेडिओवर आपल्या कानी पडतं ते एक साधं वाक्य, की विदर्भात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता. हे वाक्य ऐकून आपण हसतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे काहीही झालं तरी खरंच ठरणार, असा विनोद करतो. पण हे शब्द मोजलेले आहेत. एखाद्या हवामान विभागातल्या नोंदकेंद्रांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’. सव्वीस ते पन्नास टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’. एक्कावन्न ते पंचाहत्तर टक्के असेल तर ‘बऱ्याच ठिकाणी’. त्याच्या वर असेल तर ‘बहुतेक ठिकाणी’. मी शब्दांवर जगणारा माणूस. गणिताशी माझी दोस्ती मॅट्रिकपर्यंतच. तरी सांगतो, इतक्या काटेकोरपणे वापरलेले शब्द आम्हा कवींच्या मैफलीतही कमी ऐकायला मिळतात.

आणि या वाक्यातला सगळ्यात मोलाचा शब्द ‘शक्यता’ हा आहे. सेकंदाला इतकी गणितं करणाऱ्या यंत्राच्या जिवावर बोलणारा माणूस ‘शक्यता’ म्हणतो. जो असं कधी म्हणत नाही. हाल म्हणत नाही. ते दोन फरिश्तेही म्हणत नाहीत. नाटकातला घातकी आवाज ओळखायची ही खूण आहे. ज्याला सगळं ठाऊक आहे आणि ‘बहुधा’, ‘मला माहीत नाही’, ‘दुसऱ्यालाही विचारा’ हे शब्द ज्याच्याकडे नाहीत, त्याच्यापासून सावध राहायचं.

ठाम आवाजाची परीक्षा घेता येते, हे आपल्याकडच्या एका विज्ञानकथाकारानेच दाखवलं आहे. डॉ. जयंत नारळीकर मराठी वाचकांच्या घरी आले ते विज्ञानकथेतून. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती, नावाची आद्याक्षरं उलटी करून. २००८ साली त्यांनी पुण्यात काही सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली. शाळेतल्या हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि ज्योतिषांना विचारलं, यातली कुठली कोणाची? प्रत्येकाला चाळीस पत्रिका दिल्या. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण सेहेचाळीस टक्के निघालं. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास निघालं असतं. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. त्यांची ही रीत मात्र कुणालाही उचलता येईल अशी आहे. आवाजाच्या ठामपणावर जायचं नाही. त्याची उत्तरं मोजायची.

हे मोजणं आपल्या भागात का निकडीचं आहे ते सांगतो. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं अख्खं वर्ष दोन-तीन निर्णयांवर उभं असतं. पेरणी केव्हा करायची, फवारणी कशाची आणि किती करायची. पहिल्या पावसाला भुलून पेरलं आणि पुढे ओढ बसली, तर दुबार पेरणी. बियाणं गेलं, मजुरी गेली, उसनवारी वाढली. फवारणीचं तर विचारू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कुठलं औषध कशात मिसळायचं, किती पाण्यात किती टाकायचं, तोंडाला काय बांधायचं, हे प्रश्न विचारण्याजोगा माणूस बांधावर नव्हता, ही त्या शोकांतिकेची एक बाजू होती.

आता विचारण्याजोगा आवाज आला आहे. २०२५ च्या खरिपाच्या तोंडावर राज्याच्या कृषी विभागाने ‘महाविस्तार’ नावाचं अॅप आणलं. त्याला मराठीत प्रश्न विचारता येतो. त्याआधी, २६ मे २०२४ रोजी, डीडी किसान वाहिनीवर ‘क्रिश’ आणि ‘भूमी’ असे दोन कृत्रिम निवेदक दाखल झाले. या सोयी चांगल्या आहेत. मध्यरात्री किडीने पान कुरतडलेलं दिसलं तर कृषी सहायकाला उठवता येत नाही. यंत्राला विचारता येतं. पण खिशात अशी दहा वेगवेगळी अॅपं असतील, काही सरकारी, काही औषधं विकणाऱ्यांची, काही कुणाची तेच न कळणारी. सगळ्यांचा आवाज सारखाच गुळगुळीत आणि समजूतदार असेल. तेव्हा त्या जुन्या नाटकांतले तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, याला हुकूम कुणाचा आहे? औषध विकणाऱ्याचं यंत्र ‘फवारणीची गरज नाही’ असं कितीदा म्हणेल, याचा विचार करावा. दुसरा, याला काय लपवायला सांगितलं आहे? हाल त्यानेच बिघडला. तिसरा, हे चुकतंय असं वाटलं तर थांबवायचं कुणी? जोच्या शहरात हे बटणच उरलं नव्हतं. नागपूरच्या शहर बसमध्ये २०२१ पासून एका प्रकल्पात धोक्याची सूचना देणारी यंत्रं बसवली गेली. कॅमेरा रस्ता पाहतो, टक्कर होईलसं वाटलं की यंत्र ड्रायव्हरला इशारा देतं. ब्रेकवर पाय मात्र ड्रायव्हरचाच असतो. शेतातही तसंच असावं. मात्रा यंत्राने सांगितली तरी बाटलीवरचं लेबल वाचावं आणि शंका आली तर कृषी विज्ञान केंद्रात विचारावं.

शेवटची गोष्ट घरातली. नाटकातल्या संगणकाला नट आवाज द्यायचा. आता संगणक कुणाचाही आवाज उचलतो, आणि त्याला काही सेकंदांचा नमुना पुरतो. ‘बाबा, अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा,’ असं मुलाच्या आवाजात सांगणारे फोन येतात आणि लोक फसतात. आवाजावर विश्वास ठेवण्याची सवय आपल्याला रेडिओनेच लावली आणि ती वाईट नव्हती. बातमी देणाऱ्यामागे एक संस्था उभी असायची, चूक झाली तर जाब विचारता यायचा. फोनवरच्या आवाजामागे कोण आहे ते दिसत नाही. म्हणून घरातल्या माणसांनी बसून एक परवलीचा शब्द ठरवून ठेवावा, घराबाहेर कुणाला ठाऊक नसलेला. असा फोन आला की आधी तो शब्द विचारावा, किंवा फोन ठेवून आपण होऊन मुलाचा नंबर लावावा. यात अपमान कुणाचाच नाही. खरा मुलगा असेल तर तो क्षणभर गोंधळेल, चिडेल, ‘बाबा, काय हे!’ म्हणेल. त्याला तसं म्हणू द्यावं आणि तरीही शब्द विचारावा.